रविवारी, भरती लागल्यावर

नोटीस तीन ठिकाणी लावली:
दशरथाच्या सलूनात, आरशाच्या कडेला,
बर्फाच्या फॅक्टरीच्या गेटवर,
आणि डिझेल पंपाच्या खांबाला, सुतळीने.
शिडाची छोटी बोट रिमोटने चालवायला शिका.
तारामुंबरीची खाडी. रविवारी, भरती लागल्यावर.
फी नाही, वयाची अट नाही.
खाली सही: मुरारी गिरकर, निवृत्त रेडिओ ऑफिसर.

पहिल्या रविवारी एक कुत्रा आला.
बसला, बोट पाहिली, निघून गेला.

दुसऱ्या रविवारी जाळी विणणारा मकबूल होडेकर.
"ह्येका इंजिन खंय?"
मी खूश. चाळीस मिनिटं बोललो:
आंब्याच्या पेटीच्या फळ्या घासून केलेला सांगाडा,
जाळ्याच्या गोळ्यांचं शिसं वितळवून पोटाखाली दिलेलं वजन,
एक मोटर सुकाणूला,
दुसरी शिडाची दोरी ओढायला, सोडायला,
आणि वाऱ्याच्या तोंडात कोणतीच बोट सरळ जात नाही,
तिरकी जाते, पलटते, पुन्हा तिरकी.
वाळूवर काठीने कोन काढून दाखवले.
त्याने सगळं ऐकून घेतलं. माणूस सभ्य.
मग म्हणाला, "पन ह्येच्यात मासो गावतलो काय?"

बावीस वर्षं मी जहाजांवर कानाला हेडफोन लावून
दुसऱ्यांची वादळं लिहून घेतली.
मग उपग्रह आले. हेडफोन जमा केला, पावती घेतली.
आता माझा रेडिओ जेमतेम शंभर वाव पोचतो
आणि पलीकडे ऐकायला
हातभर उंचीचं एक शीड.
हेही मकबूलला सांगणार होतो.
बरं झालं, ओहोटी लागली.

तिसऱ्या रविवारी शेवंती कुबल
बाजारातून परतताना थांबली,
पाटीत चार बांगडे उरलेले.
मी तोंड उघडलं, आणि नेमकं तेव्हाच
दुसऱ्या बोटीच्या झाकणातून पाणी शिरायला लागलं.
मला दोन्ही हात हवे होते.
"जरा हे धरा," म्हणालो.
माझी शिकवणी एवढीच.

तिने लुगड्याला हात पुसले.
एक खवला अंगठ्यावर तसाच राहिला.
"मी नाय बाबा. मोडात."
तीस वर्षं तिने होडीतून उतरलेलं विकलं,
होडीत पाय ठेवला नाही.
सासऱ्याच्या नाही, नवऱ्याच्या नाही.
बाईने सुकाणू धरलं तर काय होतं
याबद्दल वाडीत बरीच मतं आहेत.

बोट आधी गोल फिरली.
मग खारफुटीत घुसली.
मी गप्प. जीभ दाताखाली धरून गप्प.
तिने ती बाहेर काढली, कशी ते मला नीट कळलं नाही,
आणि एकदम म्हणाली,
"थंय बग, पानी काळवांडला. वारो येताहा."
माझ्या चष्म्याला दिसायच्या आधी.
अंगठा जरासा हलला, दोरी सुटली,
बोट कलली, सावरली,
आणि नाळेखाली पाणी फाटल्याचा आवाज,
कोऱ्या मांजरपाटासारखा,
थेट काठापर्यंत.
शेवंतीच्या तोंडून निघालेला शब्द
मी इथे लिहीत नाही.

कुत्रा परत आला होता. त्याने दोन बांगडे नेले.
तिने बघितले, आणि बघितले नाहीत.
डबा काही देईना.

आता रविवारी पाच-सहाजण असतात.
तिची जाऊ येते, दहावीची दोन पोरं येतात.
मकबूल येतो: माझी शिडाची शिवण बघून हसला,
आठवड्यात स्वतःच्या हाताने नवं शीड शिवून आला.
बोटी दोनच. भांडणं होतात.
मी जमेल तितकं कमी बोलतो.

नोटीस बदलली आहे.
"शिका" खोडून "या" केलं.
सेल स्वतःचे आणा, हे वाढवलं.
आणि मकबूलने, मला न विचारता,
तळाशी आपल्या तिरक्या अक्षरात:
मासो गावाचो नाय.