डावीकडं जाता येत नाही

इराण्णानं खडेबाजारात सेकंडहँड लॅपटॉप घेतला,
त्याची एक कळ आधीपासूनच उडालेली.
नेमकी तीच, जिनं खेळातला गडी डावीकडं वळतो.
म्हणून आमचा गडी उजवीकडं जातो, वर जातो,
खाली तर फारच लवकर जातो.

रात्री अकराला वडगावचे माग थांबतात,
कानात मात्र तासभर खटखट चालूच.
मी, इराण्णा आणि कांड्या भरणारा सातेरी
अंगावरचा सुताचा कोंडा झटकून
रिकाम्या बिमावर बसतो.
खेळाचं खरं नाव कुणाच्या जिभेवर बसत नाही,
आम्ही त्याला ‘मर की’ म्हणतो.

गोष्ट एवढीच: राजाचा दात चोरीला गेलाय,
तळघरात उतरून तो आणायचा.
दर खेपेला तळघर नवं, वाटा नव्या,
मेलं की पहिल्यापासून.
मेल्यावर खेळ एक ओळ लिहितो,
सातेरी बारावीपर्यंत शिकलेला, तो वाचून दाखवतो:
‘यानं राक्षसाला जेवायला बोलावलं.
आला. जेवला. यालाच.’
इराण्णा कन्नडात शिव्या घालतो,
त्या मला मराठीत आणायची गरज पडत नाही.

म्हणशील ते करता येतं तिथं.
तलवार विकून शेळी घेतली,
शेळीला प्रधान केलं,
प्रधानानं कायद्याची वही खाल्ली,
राज्य त्या खेपेला बरं चाललं.
वटवाघळाशी लग्न लावलं, सगळे वऱ्हाडी उलटे टांगलेले,
मानपानावरून मेलो.
पुढच्या जन्मात एकच वस्तू नेता येते.
आम्ही शेळी नेतो.

एकदा मात्र मी लढलोच नाही.
तळघराच्या तिसऱ्या थरात एक कोळी माग चालवत होता,
आठ हातांनी, तरी ऑर्डर उरलेली.
विचारलं, काम आहे काय?
आहे म्हणाला. रोज तीन नाणी, संध्याकाळी हातात.
बसलो.
इराण्णा ओरडला, "काय बे नाग्या,
दिवसभर तेच आणि हितं पण तेच?
वाट्टेल ते करायला दिलंय की तुला!"
मी म्हटलं, थांब की गा जरा,
हितला मालक आधी ‘बस’ म्हणाला,
पाणी दिलं.

पुढं नाका होता. नाक्यावर बेडूक, डोक्यावर टोपी.
तो विचारतो: कुठला तू?
खाली कोरी चौकट, पाहिजे ते लिही.
सातेरी म्हणाला, चंद्रावरचा लिहा.
इराण्णा म्हणाला, राजाचा जावई.
मी एका बोटानं वडगाव लिहिलं, स्पेलिंग चुकलेलं.
बेडूक म्हणाला:
‘कधी ऐकलं नाही. जा.’

तिघंही गप्प झालो थोडा वेळ.
आमच्याकडं हा प्रश्न विचारल्यावर
इतक्या लवकर कुणी सोडत नाही.
पाटी कुठल्या लिपीत, कागद कुठल्या भाषेत,
आज्याच्या वेळेपासून फाईल वरच्या मजल्यावर.
इराण्णा एवढंच म्हणाला, "चलो ऐती बेडूक."
चांगला आहे. होता खरंच.

मग लाईट गेली. बॅटरीत चार मिनिटांचाही दम नाही.
मेलो, आणि यावेळी ओळसुद्धा लिहिली नाही कुणी.

काल सातेरीनं आईच्या डब्यातलं ब्लाउजचं बटण आणलं,
फेविक्विकनं कळीच्या जागी चिकटवलं.
घट्ट बसलं. फारच.
आता दाबलेलंच राहतं.
गडी डावीकडं निघालाय, थांबतच नाही,
कोळ्याचा माग मागं पडला, नाका मागं पडला,
बेडकानं टोपी काढून हलवली,
शेळी धापा टाकत पाठोपाठ.
सकाळची पाळी लागायला दहा मिनिटं आहेत
आणि आम्ही तिघं वाकून बघतोय
तिकडं आहे तरी काय.