गाळाची काठी

हेडली गार्बटच्या शेडमध्ये एक काठी आहे,
आठ फुटी, हेझलची, फूटफूटभर अंतरावर पांढरे पट्टे.
त्र्याऐंशी साली ती तळ्यात सहा पट्टे बुडायची,
मग टक्.
खाली विटांची घट्ट माती.

परवा दोन पट्ट्यांनंतर पाणी संपलं,
पण टक् नाही.
लोण्यात सुरी जावी तशी गेली
आणि वर आली ती काळी,
कुजक्या अंड्याच्या वासाची.

कार्प आम्हीच आणले होते.
लिंकनशायरमधल्या या जुन्या वीटखाणीत,
दुधाच्या कॅनमधून, बोटाएवढे, दोनशे.
नॉरीननं प्रत्येक कॅनवर ओला टॉवेल टाकला होता,
तान्ह्या बाळाला पांघरूण घालावं तसा.

आता ते रात्रंदिवस तळ उकरतात.
माती तोंडात घ्यायची, चाळायची, थुंकायची.
पाण्याचा चहा झालाय, दूध जरा जास्त झालेला.
कमळं गेली. टेंच गेले.
उरलेत हेच, मोठी डोकी, खाली अंग बारीक,
बापाची टोपी घातलेल्या पोरांसारखे.

सभा तीन तास चालली.
टेरेन्स म्हणाला, लोक मासे धरायला येतात,
पाणी बघायला नाही.
अकरा विरुद्ध नऊ.

फेब्रुवारीत जाळं ओढलं.
मोजायला मी, भिजलेल्या वहीत पाच-पाचच्या रेघा.
सहाशे सदतीस.
चाळीस ठेवले. बाकीचे टाकीच्या ट्रकमधून,
परवान्यानिशी, दुसऱ्या कुणाच्या तळ्यात.
दुसऱ्या कुणाची काठी बुजवायला,
हेडली म्हणाला, पण हळू,
टेरेन्सला ऐकू जाऊ नये म्हणून.

मग पंप. तीन आठवडे त्याची घरघर,
आणि सगळा गाळ प्रूडेन्स लॅमच्या वालाच्या शेतात.
तिला शेंगा लागल्या त्या बघण्यासारख्या.
नांगराच्या फाळाला मात्र अजून लागतात
आमचे चाळीस वर्षांचे तुटलेले गळ.
ती डबीत जमवते, दर महिन्याला आणून देते,
बिल दिल्यासारखी.

हेडलीचा गुडघा आता बोटीत चढत नाही.
काल मी एकटाच गेलो, मधोमध काठी सोडली.
एक पट्टा, दोन, तीन, चार, पाच.
टक्.

मी फोन लावून काठीला टेकवला
आणि पुन्हा ठोकलं.
ऐकू आलं?

बराच वेळ त्याच्या किटलीची शिट्टी.
मग म्हणाला,
सहा होते.