आवाज : नाही

ब्रनोला नोव्हेंबरात चारलाच काळोख.
तळघरात अकरा यंत्रं, एक बंद हीटर
(यंत्रांचीच ऊब पुरते)
आणि मी.

काय काम करतेस, असं कुणी विचारलं
की सांगते, प्रश्नपत्रिका भरते.
कर्नल विचारतं, मी उत्तर देते:
हो. नाही. किंवा, लागलं तर.
ब्लूटूथ? लागलं तर.
उंदीर? हो.
फ्लॉपी?
इथे हात जरा थांबतो.
हो. कुणीतरी असेल.
असे हजारो प्रश्न,
आणि एकाचं उत्तर बदललं
की खालचे चाळीस गायब होतात,
कधी नवेच साठ उगवतात.

शितावरून भाताची परीक्षा
इथे चालत नाही.
या पातेल्यात शेजारशेजारची दोन शितं
वेगळ्या चुलींवर शिजलेली असतात.

सगळी उत्तरं सगळ्या तऱ्हांनी भरून पाहायची
तर किती वेळ लागेल,
याचा हिशोब वेन्देलीनने एकदा
कँटीनमधल्या कागदी रुमालावर मांडला.
शून्यं कडेपर्यंत गेली,
रुमाल उलटा केला, तिथेही पुरली नाहीत.
मग त्याने रुमालाने रस्सा पुसला
आणि उरलेला क्नेडलिक खाल्ला.

म्हणून रात्री मी फासे टाकते.
यंत्र डोळे मिटून उत्तरं भरतं, बांधायला घेतं,
सकाळी मी येते तेव्हा
बहुतेक सगळं हिरवं असतं.

आज एक लाल.
फासा क्रमांक चार हजार चारशे एकाहत्तर.
आवाज : नाही.
वेन्देलीनचा नवा कोड आवाजाला हाक मारतो,
आणि हाक मारलेला घरातच नाही.
बांधणी तिथेच अडून बसलेली.

वेन्देलीन म्हणाला, माझ्याकडे तर चालतं.
मग म्हणाला,
आणि आवाज बंद ठेवतं तरी कोण?

मी काही बोलले नाही.
झिदेनित्सेच्या आमच्या घरात
बेल वाजायची नाही, दिवा लुकलुकायचा,
एक स्वयंपाकघरात, एक न्हाणीच्या दारावर.
सात वर्षांची होईपर्यंत
मला वाटायचं, दार म्हणजे उजेडच.
धुण्याचं यंत्र थांबलं की नाही
हे आई ओट्यावर तळवा ठेवून ओळखायची.
भांडण निघालं की दोघं आधी
ताटं बाजूला सारायची,
हातांना जागा लागायची.
वॉर्निंग पुष्कळ होत्या त्या घरात.
एरर एकही नव्हती.

मी फक्त फाईल पाठवली.
खाली लिहिलं : असाही पर्याय आहे,
आपणच दिलेला.

दुपारी तीन ओळी आल्या.
आवाज नसेल, तर त्याच्या जागी
एक रिकामं फंक्शन,
जे काही घेत नाही, काही करत नाही,
हाक आली की नुसतं शून्य परत देतं.
आमच्याकडे शून्य म्हणजे
सगळं ठीक.

पुन्हा लावलं.
कोपऱ्यातल्या जुन्या बत्तीस बिटवाल्याने
पाऊण तास खाल्ला, पंखा घरघरला,
शेवटी हिरवं.
मी पुढचा फासा टाकला.
आवाज : हो. जाळं : नाही.
उद्या वेन्देलीन विचारेल,
जाळ्याशिवाय जगतं तरी कोण.

आठ नंबरची ट्राम, शेवटून तिसरा थांबा.
किल्ली खिशात असते,
तरी मी बटणच दाबते.
पडद्याआड पिवळं काही लुकलुकतं, तीनदा.
मग बाबा येतात.
फार धाडधाड पावलं टाकतात ते.
त्यांना हे अजून
कुणी सांगितलेलं नाही.