रकाना सातवा

महापे. रात्रपाळी. दुसरा मजला.
एसी इतका की हर्षला घरून गोधडीच घेऊन येते.
आम्ही अकराजणी
अमेरिकेतल्या एका गिरणीगावच्या चर्चची वही
संगणकात उतरवतोय.
नोंदीला सव्वादोन रुपये. चूक झाली की तीन कापतात.

गाव बर्फाचं. नदीकाठी विटांची सूतगिरणी,
आणि भोंगा ऐकू येईल तिथवर एक वस्ती,
तिला सगळे लहान कॅनडा म्हणायचे.
क्वेबेकहून आगगाडीनं आलेली माणसं,
चुलते, मावश्या, एकाच जिन्याला लटकलेली,
फ्रेंचमधून भांडायची, फ्रेंचमधूनच कबुलीला बसायची.
समासात फादर तेलेस्फोरच्या बारीक टिपा:
"वाटाण्याच्या सूपाचं जेवण. घंटेसाठी जमले एकतीस डॉलर."
"शाळेत सकाळी आपली भाषा, दुपारी त्यांची.
पोरं मधल्या सुट्टीत त्यांचीच बोलतात."

रकाना तीन, मूळ आडनाव. रकाना चार, नंतरचं.
बुआव्हेर, ग्रीनवुड.
लब्लां, व्हाइट.
मुकादमाची जीभ जिथं अडखळली
तिथं नाव मोडलं,
आणि मोडलेलंच पगाराच्या पाकिटावर चढलं.

मी आडेप.
आजोबा आडेपु होते, करीमनगरकडचे,
भिवंडीला दुसऱ्याच्या मागावर उभे राहिले ते
पाय सुजेपर्यंत.
बाबांच्या दाखल्यावर मास्तरांनी शेवटचा उकार खाल्ला.
"असं आडनाव असतं का कुठं," म्हणाले, प्रेमानंच.
एक उकार. तेवढ्यासाठी कोण अर्ज करतं?
मला तर तेलुगू अक्षरं जिलब्यांसारखी दिसतात.
आई घणसोलीच्या सोसायटीत बतुकम्मा रचते
तेव्हा तरवडाची फुलं मिळत नाहीत,
झेंडूवर भागवते,
आणि सेक्रेटरी नऊला दिवे मालवतो.

पहाटे तीनला नोंद अकराशे सत्तेचाळीस.
झेलिया बुआव्हेर. बापाचा धंदा: तिसरां.
यादीत बघावं लागत नाही आता. संकेतांक एकोणीस, विणकर.
बाप्तिस्म्याच्या तारखेनं वय अकरा.
वहीत टाचलेल्या गिरणीच्या दाखल्यावर तेरा.
खाली दोन्हीकडे फादर तेलेस्फोरचीच सही,
तीच शाई, तोच डावीकडं झुकलेला हात.
एकदा देवासमोर. एकदा गिरणीसाठी.

पडदा लाल झाला.
वय जुळत नाही. रकाना सातवा. एकच आकडा लिहा.

बाबा दहाचे होते, कागदावर पंधराचे.
इन्स्पेक्टर आला की सुताच्या गोण्यांमागं बसायचे,
कागद होता तरी.
चेहरा कागदाला साथ देत नव्हता म्हणे.
तेच वय पुढं आधारवर गेलं,
आणि साठाव्या वर्षीच त्यांना एसटीचं अर्धं तिकीट लागू झालं.
"मागानं दिलेला बोनस," म्हणतात,
आणि खिडकीची जागा धरतात.

टीम लीडर म्हणाला, टाक काहीही, पुढं चल.
मी अकरा टाकलं. लाल गेलं नाही.
तेरा टाकलं. तरीही नाही.
शेऱ्यात लिहिलं, दोन्ही खरी.
शेऱ्यात देवनागरी चालत नाही.
मग पुन्हा अकरा लिहिलं आणि तशीच पुढं गेले.

महिन्याच्या चिठ्ठीत तीन रुपये कमी.
घंटेच्या वर्गणीत गेले, असं धरलं.

साडेपाचला घरी आले तर आई दारातच.
"तिन्नावा?"
हो, खाल्लं, मी म्हटलं,
आणि चपला काढता काढता
तिच्या भाषेतलं खाल्लं
तोंडात शोधत राहिले.