चौथी रांग

पाषाणच्या तळ्यावरून येणारा वारा
आमच्या खोलीत शिरत नाही.
इथली हवा ओढलेली, गाळलेली, मोजलेली.
दुहेरी हातमोजे, तोंडापुढे काच,
आणि मोबाईल बाहेर,
लॉकर नंबर सतरा.

आज कपाट आवरताना ती फिल्म सापडली.
कोपऱ्यात माझंच अक्षर: एप्रिल, एकवीस.

पेशीत निरोप तोंडी जात नाही.
एक प्रथिन दुसऱ्याला फॉस्फेटचा ठिपका लावतं,
एवढंच.
हळदीकुंकवाचं बोलावणं असावं तसं:
कपाळाला बोट टेकलं
की तिनं समजायचं, उठायचं,
पुढच्या घरी जायचं,
असं करत करत केंद्रकापर्यंत.
तिथे आत जाऊन सांगायचं,
अगं, गावात कुणीतरी शिरलंय.

आणि जो शिरतो तो तोडफोड करत नाही, निदान आधी नाही.
रायबोसोमच्या तोंडात बोळा कोंबतो.
पी-अडतीस नावाचा गजर
स्वतःच बडवत ठेवतो, स्वतःच्या सोयीसाठी.
पेशीला बोटं फुटतात,
लांब, बारीक, शेजारणीच्या अंगणात पोचणारी.
आणि केंद्रकाच्या दाराशी
तो एक माणूस उभा करतो. फक्त दाराशी.

सोपानमामा टेलिफोन खात्यात लाइनमन.
शिवाजीनगरच्या फुटपाथवर खड्ड्यात उतरून,
वर मेणकापड ताणून,
तारांच्या जोड्या लावायचा:
निळी-पांढरी, नारिंगी-पांढरी, हिरवी-पांढरी.
मी वर बसून पक्कड द्यायची, शाळेचा गणवेश मळवत.
म्हणायचा, रिंग गेली म्हणजे फोन लागला असं नसतं, पोरी.
पलीकडे कुणीतरी उचलावं लागतं.

त्या एप्रिलात, धनकवडीहून, सकाळी:
‘बरा आहे गं. दोडकी सोलतोय.
वास येत नाही, पण दोडक्याला असतो कुठे वास?’
हसला. वाक्य न तोडता हसला.
बोटावरचं यंत्र एकाहत्तर दाखवत होतं,
हे मामीनं मला नंतर सांगितलं.
यंत्र बिघडलंय म्हणून त्यानं सेल बदलले होते.
दम लागतोय हे त्याचं त्यालाच
कुणी कळवलं नव्हतं.
असं का होतं? मला विचारतात, मी त्यातलीच म्हणून.
मी सांगते, अजून नीट माहीत नाही.
खरंच नाही.

दोन दहा.
दोन चौदा.
दोन चाळीस.
लॉकरमध्ये तीन मिस्ड कॉल.
मी तेव्हा आत, बर्फाच्या डब्यापुढे,
प्रतिपिंड एकास हजार मिसळत होते.
सहा वाजता अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतली,
पट्ट्या स्वच्छ आल्या म्हणून
काचेमागे एकटीच हसले.
मग आंघोळ, मग कुलूप, मग फोन.

पुढचे नऊ दिवस त्याच्या अंगात
सगळेच एकदम ओरडत होते.
उशिरा पोचलेले निरोप असेच असतात,
सगळे तातडीचे, सगळे मोठ्यानं,
कोण कुणाला सांगतंय कळत नाही.
डॉक्टर म्हणाले, वादळ.
मी मान हलवली. शब्द मला पाठ होता.

तहसीन नवीन आलीय, जूनपासून.
फिल्म हातातून घेते, खिडकीकडे धरते.
एक: निरोगी पेशी, केंद्रकाबाहेर, फिकट.
दोन: निरोगी पेशी, केंद्रक, गडद.
तीन: बाधित, केंद्रकाबाहेर, काळीकुट्ट,
जणू दारात गर्दी साचलीय.
चार.

‘मॅडम, चौथ्या रांगेत नमुना घालायचा राहिला का?’

नाही गं. घातला होता.
बाकीच्यांइतकाच, वीस मायक्रोग्रॅम, दोनदा मोजून.
खाली बघ,
लॅमिनची पट्टी आहे ना?
घर जागेवर आहे.
आतले सगळे घरातच होते.