सोळा नळ्या

पुंता अरेनासला जुलैत
सकाळ दहाला उगवते, तीही घाई न करता.
चौकात खांबापासून खांबापर्यंत दोर बांधलेत,
वाऱ्याने माणूस उडू नये म्हणून.
यंदा हिवाळ्यातही वारा माघारी गेलेला नाही.
नेलिदा दोर धरून कामाला जाते.
हाच दोर पोस्टमनने धरला, शाळेच्या पोरांनी धरला,
तळहातावर शिंक झेललेल्या त्या उंच बाईनेही.
जो पडू देत नाही
तोच हातोहात आजार पोचवतो,
हे ध्यानात आलं तेव्हा तिने दोर सोडला नाही.
हातमोजे घातले.

वृद्धाश्रमात सोळा जण.
साडेचारला माते: तुंब्यात कडू पाला, वरून गरम पाणी
आणि एकच चांदीची नळी,
या ओठांतून त्या ओठांत, खिडकीपासून दारापर्यंत.
तिथे उष्टं म्हणजे विटाळ नव्हे,
उष्टं म्हणजे तू आमच्यातला.
नळी पुसून पुढे दिलीस तर अपमान.

मग रेडिओवर आकडे यायला लागले,
इस्पितळाच्या व्हरांड्यात खाटा.
नेलिदाने पगारातून सोळा नळ्या आणल्या,
साध्या, पत्र्याच्या,
एकेकीला वेगळ्या रंगाची लोकर गुंडाळली.
दोन एवारिस्तोला हिरवी.
चाळीस वर्षं मेंढ्या कातरलेला माणूस तो, म्हणाला,
"एकट्याने माते पितो तो माणूस की पुमा?"
तिने वाद घातला नाही. खिडकी दोन बोटं उघडली.
"बरं, म्हणजे आता थंडीने मारणार."
पण लस टोचायला नर्स आली तेव्हा
बाही सरसावून तोच पहिला बसला.
झ्देंकाबाई बघत होत्या ना.

एका मंगळवारी, अंधारातच, नेलिदाच्या घशात
माशाच्या काट्याएवढं काहीतरी टोचलं.
ताप नाही. म्हणजे, नाही म्हणता येईल इतपतच.
आठवडाभर खाडा म्हणजे गॅसचं बिल.
मिलेन म्हणाली, "आई, चालतेयस, बोलतेयस की तू."
ती दारापर्यंत गेलीही,
कोटाची एक बाही घातलेली, एक लोंबत.
मग आठवली ती बरणी, ओट्यावरची,
आणि बरणीत उभ्या असलेल्या त्या सगळ्या.
रोज आपल्याच हाताने धुतलेल्या.
फोन केला. "मी येत नाही."
पलीकडे रुपेर्तो इतका वेळ गप्प
की तिला वाटलं लाइन तुटली.

संध्याकाळपर्यंत हाडं अंगाबाहेर निघायला बघत होती.
मिलेन ताट दारात ठेवून मागे सरायची,
जशी आपण भुंकणाऱ्या कुत्र्याला भाकरी टाकतो.
हसू आलं दोघींना, मग तिला खोकला.

काय टळलं, हे कळणार कसं?
न लागलेल्या आगीला धूर नसतो.
न झालेल्या मरणाचा तेरावा कोणी जेवत नाही.
कोणी येऊन सांगत नाही,
बाई, तू घरी बसलीस
म्हणून आज माझी छाती मोकळी आहे.

दहाव्या दिवशी ती परतली.
जांभळ्या लोकरीची नळी कोरडी होती.
झ्देंकाबाईंना शनिवारी हलवलं.
कुठून आलं? नातू भेटून गेला होता.
की भाजीच्या खोक्यावरून? की कुठूनही?
नेलिदाने बोटांवर दिवस मोजले,
पुन्हा मोजले. शेवटचं काम सोमवारी. मग शनिवार.
मी असेन. मी नसेन.
बोटं संपली, हिशेब संपला नाही.

रात्री पातेल्यात ती सोळाच्या सोळा उकळते.
जांभळी लोकर रंग सोडते, थोडा थोडा, रोज.
एवारिस्तो स्वयंपाकघराच्या दारात येतो,
हल्ली उंबऱ्याबाहेरच थांबतो,
आणि टोपी हातात घेऊन विचारतो,
"त्या आल्या की त्यांना पाणी कोण ओतणार?"
"मी."
"मास्क लावून?"
"लावून."
तो मान हलवतो. वळतो. परत वळतो.
"मग जरा कढत ओत.
आज गार होतं."