चौथी दोरी

कुंदाताई अकोल्याहून आली, बॅग दारातच ठेवली
आणि पाणी प्यायच्या आधी गच्चीवर गेली.
कुंड्यांखालच्या बश्या एकेक उचलून
पालथ्या घातल्या.
टाकीच्या झाकणावर एक वीट होती, दुसरी ठेवली.
शेजारच्या भावसारांचा जुना टायर
त्यांना न विचारता पाडला, पाणी ओतलं,
मग माझ्याकडे ड्रिल मशीन मागितलं
आणि त्याला तीन भोकं पाडली.
"हं, दे आता पाणी," म्हणाली.
"माठ झाकतोस ना?"

बोपोडीत आमची चाळवजा इमारत, नदी दोन गल्ल्या पुढे.
नदी म्हणायची सवय म्हणून नदी.
मे महिन्यात जलपर्णी इतकी दाटते
की मनवानं पुलावरून पाहिलं आणि विचारलं,
"मामा, एवढं मोठं ग्राउंड,
इथं कोणी खेळत काऊन नाही?"

पुण्यात पाहुण्याला दार उघडायला वेळ लावतात म्हणे.
सहा वाजल्यानंतर तरी त्याला कारण आहे:
आधी आत बघायचं, मग बाहेर बघायचं,
मग बोटभर फट, आणि "या लवकर, या!"

तळमजल्यावरच्या पेंढरकरकाकूंनी
लिंबात लवंगा खोचून पाठवल्या.
डास लिंबावर टेकले, दम खाल्ला, पुढे गेले.
गुरुवारी महापालिकेचा धूर आला.
तोंडाला पंचा बांधलेला माणूस, मागे गल्लीतली पोरं,
पोरांच्या मागे मनवा, मनवाच्या मागे ओरडत ताई.
तळमजल्याचे डास धुराला कंटाळून
दुसऱ्या मजल्यावर आले. आमच्याकडे.
त्यांचीही सुट्टीच असावी.

रात्री गच्चीवर मच्छरदाणी.
एक दोरी टाकीच्या पाइपला,
एक डिशच्या खांबाला,
एक वाळवणाच्या तारेला.
चौथीला काही नाही.
पहिल्या रात्री झाडू उभा केला, तो पडला.
दुसऱ्या रात्रीपासून चौथी दोरी माझ्या मनगटाला,
मी बाहेर, प्लॅस्टिकच्या खुर्चीत,
मांडीवर ती तडतडणारी रॅकेट,
हातापायाला मलमाचा वास.

आतून मनवाचा आवाज:
"मामा, तुले चावत नाहीत?"
"माझं रक्त पुणेरी. चव घेतात, नावं ठेवतात, जातात."
ती हसली. जाळी हलली.
मग बराच वेळ काही नाही.
मग, "बाबाले चावला तो
असाच वाजला असंन का रे?"

तो दिवसा चावतो, पोरी.
पायांवर पांढरे पट्टे असतात, स्वच्छ पाण्यात वाढतो,
या नदीशी त्याचं काही देणंघेणं नाही.
हे मी पुस्तकात नाही वाचलं.
हॉस्पिटलच्या भिंतीवर लावलेलं होतं, लिफ्टसमोर,
नऊ दिवस लिफ्टची वाट बघत होतो.
ताईनंही वाचलंय.
तरी ती रोज रात्री गादीखाली जाळी खोचते,
चारही बाजूंनी, बोटं घालून घालून,
आणि पुन्हा एकदा पहिल्या बाजूला येते.

कूलर होता त्यांच्याकडे, लोखंडी, खिडकीत बसवलेला.
भाऊजींनीच रंगवला होता, पोपटी.
टाकीतलं पाणी रविवारी बदलायचं ठरलेलं.
एक रविवार लग्नाला गेले.
आता अकोल्याच्या सेहेचाळीस डिग्रीत
ताई कूलर लावत नाही, विकतही नाही.
शेजारणींना सांगते, पोरीला मामाकडे सुट्टी हवी असते.

मी मनवाला एवढंच म्हणालो,
"नाही गं. तो वेगळा होता."
"मोठा?"
"नाही. लहानच."

ती कुशीवर वळली की दोरी ओढली जाते.
पहाटेपर्यंत मला कळत असतं
कोण जागं आहे, कोण झोपलंय.
आज तीनच्या सुमाराला दोरी हळूच दोनदा ओढली गेली,
मनवाची नव्हती ती ओढ.
मीही एकदा ओढली.

सकाळी ताई माझा हात उजेडात धरते,
मनगटावर दोरीचा वळ, वर लाल गांध्या.
"अकरा," म्हणते. "काल नऊ होते."
आकडे लक्षात ठेवायची सवय तिची अजून गेलेली नाही.
मग उठते,
आणि परत एकदा
बश्या बघायला गच्चीवर.